पहिल्या ओळीचे वचन

संगणकाच्या फाइलमध्ये अक्षरे नसतात, आकडे असतात. ० ते २५५ यांपैकी एक आकडा म्हणजे एक बाइट, आणि फाइल कितीही मोठी असली तरी ती अशा बाइटची एक लांबलचक रांगच असते. ‘मराठी’ हा शब्द आज बहुतेक ठिकाणी ज्या रीतीने साठवला जातो, त्या रीतीत त्याचे १५ बाइट होतात. पहिले तीन २२४, १६४ आणि १७४. या तिघांचा मिळून ‘म’. शेवटचे तीन २२४, १६५ आणि १२८. त्यांची दुसरी वेलांटी.

हे आकडे मराठीचे आहेत अशी खूण त्यांच्यावर कुठेही नसते. तेच १५ बाइट विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचले, तर २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि १७४ म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण. दुसऱ्या वेलांटीच्या जागी तोच ‘ए’, त्याच्यामागे येनचे चिन्ह आणि शेवटी युरोचे. इंटरनेटवर वावरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ही तिरकस ‘ए’ आणि चलनचिन्हांची जत्रा कधी ना कधी पाहिलेली असते. त्या वेळी फाइलमधला एकही बाइट बिघडलेला नसतो. वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता हाती घेतलेला असतो, एवढेच.

म्हणून बाइटच्या रांगेबरोबर आणखी एका माहितीला प्रवास करावा लागतो: ही रांग कोणत्या तक्त्याने वाचायची? या माहितीला एन्कोडिंग म्हणतात. ती कुठे लिहायची, कोणी लिहायची आणि ती चुकली तर काय करायचे, या प्रश्नांची सर्वांत स्पष्ट उत्तरे एक्सएमएल या मांडणीने दिली. ती उत्तरे जिथे रोज कसाला लागतात ते क्षेत्र म्हणजे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके.

माहितीपुस्तक एवढे नाजूक का?

सॉफ्टवेअर तयार करणारे त्याच्यासोबत ते कसे बसवायचे, कसे चालवायचे, बिघडले तर काय करायचे हे सांगणारे पुस्तक लिहितात. हे पुस्तक एकदा छापून संपत नाही. सॉफ्टवेअर बदलते तसे तेही बदलते. एकाने लिहिलेले प्रकरण काही वर्षांनी दुसराच कोणी दुरुस्त करतो, तोही वेगळ्या देशात बसून आणि वेगळ्या कार्यप्रणालीवर. मग त्याची भाषांतरे होतात. त्याच मजकुरातून वेबपाने, छापील पुस्तकासाठी पीडीएफ आणि प्रोग्रॅमच्या आतली मदत अशी तीन-चार रूपे तयार होतात.

एका मजकुराची अनेक रूपे काढायची, तर मजकुरातला कोणता तुकडा आज्ञा आहे, कोणता फाइलचे नाव आणि कोणती धोक्याची सूचना, हे खुणांनी सांगून ठेवावे लागते. यासाठी १९८६ मध्ये एसजीएमएल ही आंतरराष्ट्रीय प्रमाण मांडणी आली. १९९१ मध्ये हॅल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओरायली या प्रकाशनसंस्थेने तिच्या आधारे युनिक्सच्या माहितीपुस्तकांसाठी ‘डॉकबुक’ नावाची खुणांची यादी बनवली. पुढे एक्सएमएल आल्यावर डॉकबुक त्यात आले. आयबीएममध्ये जन्मलेली ‘डिटा’ ही दुसरी यादी २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. पीएचपी या भाषेचे माहितीपुस्तक आजही डॉकबुकमध्येच लिहिले जाते.

अशा पुस्तकात एखादे अक्षर बिघडणे आणि कथेच्या पुस्तकात बिघडणे यांत मोठा फरक आहे. कथेचा वाचक चुकलेले अक्षर मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. माहितीपुस्तकाचा वाचक छापलेली आज्ञा जशीच्या तशी टंकतो. आज्ञेतले सरळ अवतरणचिन्ह वाटेत वळणदार झाले असेल, तर ती आज्ञा चालत नाही, किंवा भलतेच काही करते. अक्षरांची अचूकता ही इथे कामाचीच अट आहे.

तक्त्यांची गर्दी

अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की हा तक्ता ठरला. त्यात सात बिट (शून्य किंवा एक असे सात अंक), म्हणजे १२८ जागा. रोमन लिपीची लहान अक्षरेसुद्धा १९६७ च्या सुधारणेत पक्की झाली. इंग्रजीपुरते हे पुरले. बाइटमध्ये मात्र आठ बिट असतात, त्यामुळे १२८ ते २५५ या वरच्या जागा रिकाम्या राहिल्या. जगातल्या इतर भाषांनी आपापला संसार याच जागांवर थाटला.

१९८७ पासून आयएसओ ८८५९ या मालिकेचे भाग येऊ लागले. पहिला भाग पश्चिम युरोपसाठी, तोच ‘लॅटिन-१’, दुसरा पोलिश, हंगेरियन यांसारख्या मध्य युरोपीय भाषांसाठी, पाचवा रशियनच्या सिरिलिक लिपीसाठी, सातवा ग्रीकसाठी. प्रत्येकात वरच्या जागा त्याच, अक्षरे वेगळी. विंडोजने लॅटिन-१ चा विस्तार करून १२८ ते १५९ या पट्ट्यात वळणदार अवतरणचिन्हे आणि लांब रेघा बसवल्या. रशियात ‘कोई-८’ जास्त रुळला. त्याची रचना मोठी हुशारीची होती. एखाद्या जुन्या यंत्रणेने प्रत्येक बाइटचा आठवा बिट उडवला, तरी रशियन अक्षराच्या जागी त्याच्याच उच्चाराचे रोमन अक्षर उरे आणि पत्र वाचता येई. जपानीला २५६ जागा कशा पुरणार? तिथे एका अक्षराला दोन बाइट देणाऱ्या तीन वेगवेगळ्या पद्धती शेजारीशेजारी नांदू लागल्या.

भारतानेही आपला तक्ता केला. ‘इस्की’ हे १९९१ चे भारतीय प्रमाण. खालच्या १२८ जागांवर आस्की आणि वरच्या जागांवर ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचा एक समान आराखडा अशी त्याची सुंदर कल्पना होती. क, ख, ग सगळ्या लिप्यांत त्याच क्रमाने. पुण्याच्या सी-डॅकने आपल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानातून ही पद्धत कचेऱ्यांपर्यंत नेली. आयएसओ ८८५९ मालिकेतही देवनागरीसाठी बाराव्या भागाची जागा योजलेली होती. तो भाग पूर्ण झाला नाही, आणि आजही त्या मालिकेत अकराव्यानंतर एकदम तेरावा भाग येतो.

छपाईच्या व्यवसायात मात्र तिसराच मार्ग रूढ झाला. तिथे फॉन्टच असे बनवले गेले की रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे, फाइलमध्ये मात्र एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह साठवलेले असे. तो फॉन्ट असेपर्यंत सगळे छान. फॉन्ट गेला की मजकूर गेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांच्या आणि नियतकालिकांच्या जुन्या फाइली आजही याच स्थितीत आहेत.

एक यादी, अनेक लेखनरीती

या गोंधळावर तोडगा म्हणून १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. कल्पना सरळ होती: जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक, तो कोणत्याही देशात आणि कोणत्याही यंत्रावर तोच. देवनागरीला २३०४ ते २४३१ या १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या क्रमावर बेतली गेली. ‘म’चा क्रमांक २३५०, ‘र’चा २३५२.

क्रमांक देणे आणि तो बाइटमध्ये लिहिणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. २३५० हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, मग तो लिहायचा कसा? यूटीएफ-१६ मध्ये बहुतेक अक्षरांना दोन-दोन बाइट मिळतात, त्यामुळे ‘मराठी’चे १० बाइट होतात. पण त्यात साध्या इंग्रजी मजकुराचेही दुप्पट बाइट होतात आणि आस्कीसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम ते वाचू शकत नाहीत.

सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, जेवणाच्या टेबलावरच्या कागदी पट्टीवर दुसरी रीत आखली. तीच यूटीएफ-८. ती पहिल्यांदा बेल लॅब्जच्या ‘प्लॅन ९’ या कार्यप्रणालीत वापरली गेली. तिचे नियम थोडेच आहेत. आस्कीतले अक्षर जसेच्या तसे एका बाइटमध्ये, शून्य बिटने सुरू होणारे. त्यापलीकडच्या अक्षरासाठी दोन ते चार बाइट. पहिल्या बाइटच्या सुरुवातीला जितके एक, तितक्या बाइटचे ते अक्षर. मागून येणारा प्रत्येक बाइट एक-शून्यने सुरू होणार. ‘म’चे तीन बाइट द्विमान पद्धतीत असे दिसतात: १११०००००, १०१००१००, १०१०१११०. पहिल्यात आधी तीन एक आहेत, म्हणजे अक्षर तीन बाइटचे. पुढचे दोन्ही एक-शून्यने सुरू होतात, म्हणजे ते मागच्याचे सोबती. या खुणा वगळून उरलेले बिट ओळीने मांडले की २३५० मिळतो.

या रचनेचा एक मोठा लाभ असा की यूटीएफ-८ मजकूर स्वतःची तपासणी करू देतो. वाटेल ती बाइटची रांग यूटीएफ-८ म्हणून खपत नाही. लॅटिन-१ मध्ये लिहिलेल्या फ्रेंच शब्दातला स्वराघाताचा ‘ई’ घ्या. त्याचा बाइट २३३, म्हणजे १११०१००१. यूटीएफ-८ च्या नियमाने याच्यामागे दोन सोबती बाइट हवेत. मागे साधे रोमन अक्षर आले की नियम मोडतो आणि लबाडी तिथल्या तिथे उघडी पडते.

किल्ली पेटीतच

१० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने एक्सएमएल १.० प्रसिद्ध केले. टिम ब्रे, ज्याँ पाओली आणि मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन हे त्याचे संपादक. त्यांनी मजकुराची पायाभूत यादी म्हणून थेट युनिकोड निवडले. त्यामुळे टॅगची, म्हणजे मजकुरातल्या खुणांची, नावेसुद्धा देवनागरीत देता येतात. कोणत्याही एक्सएमएल वाचकाला, म्हणजे पार्सरला, यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ वाचता आलेच पाहिजे अशी सक्ती झाली. आणि दुसऱ्या एन्कोडिंगमधली फाइल असेल, तर तिने आपल्या पहिल्या ओळीत ते नाव जाहीर करावे असे ठरले. ती ओळ म्हणते: मी एक्सएमएल, आवृत्ती १.०, एन्कोडिंग अमुक.

इथे एक पेच आहे. ती ओळही बाइटमध्येच लिहिलेली असते. एन्कोडिंग कळल्याशिवाय ओळ वाचता येत नाही आणि ओळ वाचल्याशिवाय एन्कोडिंग कळत नाही. पेटीला कुलूप लावून किल्ली पेटीतच ठेवावी, तसे हे झाले. एक्सएमएलने ही कोंडी फोडली ती एका कडक नियमाने. ही ओळ असेल तर ती फाइलच्या अगदी पहिल्या जागेवरच हवी, आणि तिची सुरुवात ठरलेल्याच चिन्हांनी हवी: कोनी कंस, प्रश्नचिन्ह, मग एक्स, एम, एल. काय लिहिलेले असणार हे आधीच माहीत असल्यामुळे पार्सर उलट बाजूने विचार करतो. पहिले बाइट ६०, ६३, १२०, १०९ असतील तर तक्ता आस्कीच्या कुळातला. ०, ६०, ०, ६३ असतील तर यूटीएफ-१६. ७६, १११, १६७, १४८ असतील तर आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरचा एब्सिडिक. कूळ कळले की उरलेली ओळ वाचण्यापुरती दृष्टी येते, आणि त्या ओळीतून नेमके नाव कळते.

म्हणूनच या ओळीच्या आधी एक कोरी ओळ किंवा एक जागा सोडलेलीही चालत नाही. अपवाद फक्त बीओएम या अदृश्य खुणेचा. यूटीएफ-८ मध्ये तिचे बाइट २३९, १८७, १९१. आणि ओळही नाही, बीओएमही नाही, बाहेरून कोणी काही सांगितलेलेही नाही, तर? तर ती फाइल यूटीएफ-८ मानायची. न बोलण्यालाही एकच ठरलेला अर्थ दिलेला आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम चुकीबद्दलचा आहे. जाहीर केलेल्या एन्कोडिंगमध्ये न बसणारा बाइट सापडला, तर पार्सरने अंदाज बांधून पुढे जायचे नाही. चूक सांगून थांबायचे. अनेकांना हा नियम निर्दय वाटला. वेबपाने दाखवणारे ब्राउझर सगळे पोटात घालतात, मग इथेच एवढा कडकपणा कशाला? मला हा कडकपणा वाचकाच्या बाजूचा वाटतो. पुस्तक तयार होताना थांबले, तर त्रास लिहिणाऱ्याला होतो आणि तो चूक दुरुस्त करतो. तसेच पुढे गेले, तर बिघडलेले अक्षर वाचकापर्यंत पोहोचते, आणि त्याच्या हातात दुरुस्तीचे कोणतेच साधन नसते.

चूक पकडली जाते कधी, निसटते कधी?

आता दोन फाइली समोर ठेवू. पहिली फाइल म्हणते यूटीएफ-८, पण आहे लॅटिन-१. वर पाहिल्याप्रमाणे पहिल्याच स्वराघाताच्या अक्षरावर नियम मोडतो आणि पार्सर थांबतो. दुसरी फाइल उलटी: म्हणते लॅटिन-१, पण आत यूटीएफ-८ मधली मराठी. इथे कोणीच थांबत नाही, कारण लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ आहे. पार्सर प्रामाणिकपणे एकेक बाइट एकेक अक्षर म्हणून वाचतो आणि मराठीच्या पाच चिन्हांच्या जागी पंधरा परकी चिन्हे पुढे पाठवतो.

पुढच्या टप्प्यावर तीच पंधरा चिन्हे यूटीएफ-८ मध्ये जतन होतात. त्यांतल्या प्रत्येकाला दोन बाइट लागतात, म्हणून १५ चे ३० बाइट होतात. हे दुहेरी एन्कोडिंग. आता फाइल अगदी नियमाप्रमाणे शुद्ध यूटीएफ-८ आहे, पहिली ओळही खरी आहे. हरवली आहे ती फक्त मराठी. सुदैवाने हे नुकसान भरून येते. ३० बाइट वाचून लॅटिन-१ मध्ये परत लिहिले की मूळ १५ मिळतात.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. एखाद्या साधनाला मराठी अक्षरे लॅटिन-१ मध्ये लिहायला सांगितले, की त्या तक्त्यात जागाच नसल्याने ते प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिते. पाच चिन्हांची पाच प्रश्नचिन्हे होतात आणि प्रत्येकाचा बाइट ६३. त्यांतून मूळ मजकूर परत आणण्याची कोणतीही युक्ती नाही.

बाहेरून येणारी माहितीही घोटाळा करू शकते. वेब सर्व्हर फाइल पाठवताना सोबत एन्कोडिंगचे नाव पाठवतो, आणि जुन्या नियमात ते नाव फाइलच्या स्वतःच्या ओळीहून वरचढ होते. २००१ च्या नियमानुसार तर साधा मजकूर म्हणून पाठवलेल्या एक्सएमएल फाइलसोबत सर्व्हरने नाव दिले नाही, तर ती आस्की मानायची, मग आत काहीही लिहिलेले असो. २०१४ मध्ये हा नियम बदलला आणि फाइलच्या आतल्या खुणेला मान मिळाला.

आणखी एक गोष्ट ओळ खरी असूनही फसवते. जपानच्या शिफ्ट-जेआयएस पद्धतीत ९२ या जागेवर काही ठिकाणी उलटी तिरकी रेघ मानतात, काही ठिकाणी येनचे चिन्ह. विंडोजवरच्या फाइलींचे पत्ते याच उलट्या रेघेने लिहिले जातात. म्हणजे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात पानोपानी येणारे हे चिन्ह जपानी आवृत्तीत नेमके काय आहे, हेच एन्कोडिंगच्या नावावरून ठरत नव्हते.

फ्रीबीएसडीच्या फोल्डरची नावे

या सगळ्याचा प्रत्यक्ष इतिहास पाहायचा असेल, तर फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीचे माहितीपुस्तक पाहावे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचे ‘हँडबुक’ अनेक भाषांत आहे आणि ते दीर्घकाळ डॉकबुकमध्ये लिहिले गेले, आधी एसजीएमएल रूपात आणि २०१२-१३ च्या सुमारास एक्सएमएल रूपात. त्यातल्या प्रत्येक भाषेच्या फोल्डरच्या नावात भाषा, देश आणि एन्कोडिंग असे तीन भाग असत. इंग्रजी आणि जर्मनपुढे आयएसओ ८८५९-१, पोलिश आणि हंगेरियनपुढे ८८५९-२, ग्रीकपुढे ८८५९-७, रशियनपुढे कोई-८, जपानीपुढे ईयूसी, चीनच्या चिनीपुढे जीबी २३१२ आणि तैवानच्या चिनीपुढे बिग-५. बांगलादेशच्या बंगालीपुढे मात्र आयएसओ १०६४६, म्हणजे युनिकोडचेच जुळे प्रमाण. आणि मंगोलियनपुढे यूटीएफ-८. उशिरा आलेल्या भाषा थेट नव्या घरात राहायला आल्या, हे या नावांतूनच दिसते.

अशा रचनेत काम करणाऱ्यांचे हाल कल्पनेने समजू शकतात. रशियन पानाला हात लावायचा तर एडिटर कोई-८ वर, जपानी पानासाठी ईयूसीवर. इंग्रजी पानात एखाद्या जपानी सहकाऱ्याचे नाव त्याच्या लिपीत सरळ लिहिता येत नाही, कारण लॅटिन-१ मध्ये त्या अक्षरांना जागाच नाही. चार भाषांच्या फाइली एकाच वेळी दुरुस्त केल्या, तर त्या बदलांची नोंद करणाऱ्या फाइलला स्वतःचे असे एकच एन्कोडिंग उरत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये या प्रकल्पाने एक्सएमएल सोडून ॲस्कीडॉक ही हलकी मांडणी स्वीकारली आणि सगळ्या भाषा यूटीएफ-८ मध्ये आल्या. फोल्डरच्या नावात आता भाषा, आणि काही ठिकाणी देश, एवढेच उरले. एन्कोडिंगचा भाग गळून पडला. नव्या मांडणीत पहिली ओळही नाही. ती लागत नाही, कारण सगळ्यांनी एकच एन्कोडिंग मान्य केले आहे. न सांगितलेले असेल तर यूटीएफ-८, हा १९९८ चा नियम इथे एक्सएमएल गेल्यावरही टिकून राहिला.

मराठी मजकुराचे खास प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअरची माहिती मराठीत आणण्याचे कामही याच साधनांनी झाले. फेडोरा प्रकल्पाची माहितीपुस्तके काही काळ डॉकबुकमधून ‘पब्लिकन’ या साधनाने तयार होत, आणि त्यांच्या भाषांच्या यादीत मराठीही होती. अशा कामात एन्कोडिंग बरोबर असूनही उरणारे प्रश्न समजून घ्यायला हवेत.

पहिला प्रश्न संख्येने अक्षर लिहिण्याचा. एक्सएमएलमध्ये फाइलचे एन्कोडिंग कोणतेही असले, तरी युनिकोडचा क्रमांक देऊन अक्षर आणता येते. ‘म’साठी अँपरसंड, हॅश, २३५० आणि अर्धविराम अशी सात चिन्हे लिहावी लागतात. इंग्रजी पुस्तकात एखादे नाव घालायला ही सोय उत्तम. संपूर्ण मराठी पुस्तक असे लिहिले, तर मात्र मूळ फाइल कोणालाही वाचता येत नाही आणि तीत एखादा शब्द शोधताही येत नाही. दुरुस्ती करणारा माणूस आकड्यांच्या जंगलात हरवतो.

दुसरा प्रश्न एकाच दिसण्याच्या दोन लेखनांचा. माहितीपुस्तकात ‘वापरणाऱ्या’, ‘चालणाऱ्या’ असे शब्द सतत येतात. त्यातला ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिता येतो. एक, त्यासाठी असलेला वेगळा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसरी, साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आणि ‘य’. पहिल्याचे ९ बाइट, दुसऱ्याचे १२. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडत नाही. फाइल स्वच्छ करणाऱ्या एखाद्या साधनाने तो अदृश्य जोडक कचरा समजून काढला, की रफार उमटतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या खोल जागांचा समुद्र.

‘ॲप’, ‘ॲडमिन’ यांतल्या ‘ॲ’चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती ५.१ या २००८ च्या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडत, आणि कितीतरी कळफलक पुढेही तसेच करत राहिले. युनिकोडचे नियम ही दोन लेखने समान मानत नाहीत, त्यामुळे कोणतेही साधन ती आपोआप एक करत नाही. पुस्तकाच्या गटानेच एक रीत ठरवून सगळीकडे लावावी लागते.

तिसरा प्रश्न जुन्या फॉन्टमधल्या मजकुराचा. तो एक्सएमएलमध्ये चिकटवला, तर पार्सरला काहीच गैर दिसत नाही. आत रोमन अक्षरे आहेत, ओळीत लॅटिन-१ लिहिले आहे, सारे नियमात. एक्सएमएल बाइट तपासते, अर्थ नाही. तो मजकूर आधी त्या फॉन्टच्या तक्त्यानुसार युनिकोडमध्ये बदलून मगच आत घ्यावा लागतो.

आणि शेवटी आकार जुळवण्याचा प्रश्न. पीडीएफ बनवणाऱ्या अपाचे एफओपी या साधनाला भारतीय लिप्यांची जुळणी २०१२ च्या १.१ आवृत्तीपासून येऊ लागली. त्याआधी एन्कोडिंग शंभर टक्के खरे असूनही पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला पडे. असा दोष दिसला, की फाइलचे बाइट बदलायला धावू नये. दोष अक्षरांच्या साठवणीत नसून त्यांच्या रेखाटनात असतो.

लिहिणाऱ्याने काय सांभाळावे?

नवे पुस्तक सुरू करताना यूटीएफ-८ निवडावे आणि पहिल्या ओळीत ते लिहूनही ठेवावे. न लिहिता चालते, पण लिहिलेले पुढच्या माणसाला उपयोगी पडते. जुनी फाइल बदलताना बाइट आणि ओळ दोन्ही एकाच वेळी बदलावीत. नुसती ओळ बदलली तर मजकूर तसाच राहतो आणि फाइल खोटे बोलू लागते; नुसते बाइट बदलले तरी तेच. विंडोजच्या नोटपॅडने यूटीएफ-८ हे आपले नेहमीचे एन्कोडिंग केले ते २०१९ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या फाइली तपासल्याशिवाय आत घेऊ नयेत.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एकच मोठी सूचना: एक्सएमएल फाइल आधी साधा मजकूर म्हणून उघडून मग पार्सरला देऊ नये. तसे केले की संगणकाचे स्वतःचे ठरलेले एन्कोडिंग मध्ये घुसते आणि फाइलची पहिली ओळ कोणी विचारातच घेत नाही. जावा या भाषेत तर हे ठरलेले एन्कोडिंग यंत्रागणिक वेगळे असे. २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून ते सगळीकडे यूटीएफ-८ झाले. पार्सरला कच्चे बाइट द्यावेत. ओळ वाचण्याचे काम त्याचे आहे आणि ते त्याला उत्तम येते.

पुस्तक अनेक फाइलींचे असेल, तर एक्सएमएल प्रत्येक तुकड्याला स्वतःचे एन्कोडिंग जाहीर करू देते. एक प्रकरण लॅटिन-१ मध्ये आणि दुसरे यूटीएफ-८ मध्ये असले, तरी पार्सर दोन्ही नीट जोडतो. फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या, तर मात्र ही सोय नाहीशी होते आणि मधेच एखादा बीओएम किंवा दुसरी पहिली ओळ घुसून बसते.

यूटीएफ-८ सर्वमान्य झाल्यावर या ओळीकडे लक्ष द्यायची गरज काय, असे कोणी विचारेल. मराठीत तांत्रिक लेखन आता कुठे वाढते आहे, आणि आपल्याकडचा जुना मजकूर इस्कीत, फॉन्टमध्ये आणि दुहेरी एन्कोडिंगमध्ये अडकलेला आहे. तो सोडवून आणताना आपण प्रत्येक फाइलबद्दल हाच प्रश्न विचारणार आहोत: हे बाइट कोणत्या तक्त्याचे? ज्यांनी उत्तर लिहून ठेवले, त्यांचा मजकूर काही मिनिटांत नव्या रूपात येतो. ज्यांनी ठेवले नाही, त्यांच्या मजकुरासाठी कोणाला तरी एकेक अक्षर ओळखत बसावे लागते. आज मराठीत लिहिले जाणारे प्रत्येक माहितीपुस्तक कधीतरी अशाच अनोळखी हातांत पडणार आहे. त्या हातांसाठी एक खरी ओळ लिहून ठेवणे हे लेखकाचेच काम आहे.